चिमणीला तडा

माझ्या टेबलावर एक चिमणी आहे. चिनीमातीची, तपकिरी, चकचकीत, मुठीपेक्षा जरा मोठी. माथ्यावर तार बसवायला खाच आणि खाली घागऱ्यासारखे घेर. कागदोपत्री तिचे नाव पिन इन्सुलेटर. खांबावर चढणारी माणसे मात्र तिला चिमणीच म्हणतात. पुसद तालुक्यातल्या एका लाइनमनदादांनी खांबावरून उतरवल्यावर ती मला दिली. नुसती पाहिली तर तिला काही झालेले दिसत नाही. ओले फडके फिरवले की माथ्याच्या खाचेपासून खालच्या घेरापर्यंत केसाएवढी काळी रेघ उमटते. पाच मिनिटांत ओल सुकते आणि रेघ दिसेनाशी होते. जूनमधल्या एका संध्याकाळी या रेघेपायी ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) एक अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणारी एक लाइन, चार तास बंद होता.

पुण्यामुंबईकडे लाइट जाते, आमच्या वऱ्हाडात लाइन जाते. आमचा शब्द मला जास्त नेमका वाटतो. पहिल्या पाण्याचा आणि लाइन जाण्याचा संबंध पुसदमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. डोंगरांवर ढग टेकतात, मातीचा वास सुटतो, पत्र्यावर चार टपोरे थेंब वाजतात आणि डोक्यावरचा पंखा मंदावत थांबतो. मग ओट्याओट्यावरून एकच प्रश्न येतो, "काहून गेली ना लाइन? आणखी तर पाणी धड आलं बी नाही!" प्रश्न रास्त आहे. शेकडो किलोमीटरवरून येणारी एवढी मोठी व्यवस्था चार थेंबांनी का थांबावी?

मे महिनाभर ही चिमणी ४४-४५ अंशांच्या उन्हात तापत असते. चिनीमाती उष्णता फार हळू वाहून नेते. तापलेल्या चिमणीवर गार थेंब पडला की वरचा थर लगेच आकसतो, आतला भाग तसाच गरम राहतो. तिच्या पोटात लोखंडी पिन बसवलेली असते, तिचे प्रसरण आणखी निराळे. या ओढाताणीत कधीतरी बारीक तडा जातो. तड्यात पाणी शिरते आणि माथ्यावरच्या तारेतली वीज त्या ओल्या रेघेतून पिनेत, पिनेतून लोखंडी आडव्या पट्टीत, तिथून खांबात आणि खांबातून जमिनीत उतरते.

तडा न जाताही हे होऊ शकते. उन्हाळाभर चिमणीवर रस्त्याची धूळ आणि शेतातला धुराळा बसतो. कोरडी धूळ निरुपद्रवी असते. मुसळधार पाऊस ती धुऊन काढतो, तोही चालतो. घातक असतो तो भुरभुर पाऊस, धूळ नुसती ओली करणारा. ओल्या धुळीचा लेप वीज वाहून नेऊ लागतो. ते घागऱ्यासारखे घेर याचसाठी असतात. पाऊस वरून पडला तरी घेराची आतली बाजू कोरडी राहते आणि पृष्ठभागावरून तारेपासून पिनेपर्यंत जायचे तर विजेला सरळ न जाता वळसे घालत जावे लागते. ११ केव्हीच्या चिमणीवर हे वळशांचे अंतर किमान २३० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत ठेवतात. धुळीच्या भागात ३२० मिलिमीटर. मुठीएवढ्या वस्तूवर वीतभर वाट बसवायची म्हणून हा आकार आला.

विजेच्या व्यवहारात आपण सगळे बोलतो ते वीज आणण्याबद्दल. वीज आणली, तारा ओढल्या, गावात लाइन आली. पण या यंत्रणेतले एकेक उपकरण हातात घेऊन पाहिले तर वेगळेच ध्यानात येते. तार सोडली तर जवळपास प्रत्येक वस्तू वीज अडवण्यासाठी आहे. चिमणी अडवते, तेल अडवते, कागद अडवतो, फ्यूज अडवतो, ब्रेकर अडवतो. वीज वाहून न्यायला अॅल्युमिनियमची तार पुरते. तिला नको तिथे जाऊ न देणे, हेच या विद्येचे मोठे आणि अवघड काम आहे.

हे काम इतके अवघड का झाले? कारण वीज दुरून आणायची तर तिचा दाब प्रचंड वाढवावा लागतो. पुसदसारख्या शहराला आणि भोवतालच्या गावांना मिळून हिशेबाच्या सोयीसाठी २० मेगावॅट लागतात असे धरू. ती वीज ५० किलोमीटरवरून आणायची आहे आणि तारेचा विरोध दर किलोमीटरला ०.१४ ओहम, म्हणजे एकूण ७ ओहम आहे. १३२ केव्हीने आणली तर प्रत्येक तारेतून शंभराच्या आत, साधारण ९७ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तारा तापण्यात सुमारे २०० किलोवॅट वाया जातात. शंभरात एक. हीच वीज ११ केव्हीने आणायची म्हटली तर प्रवाह बारापट होतो, साधारण ११६६ अँपिअर. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो १४४ पट होतो. कागदावर हिशेब येतो साडेअठ्ठावीस मेगावॅटचा. वीस मेगावॅट पोचवायला अठ्ठावीस वाटेतच जाळायचे! अशी लाइन चालूच शकत नाही. दाब वाढवण्याला पर्याय नाही, तो यासाठी.

महाराष्ट्राला हा धडा फार लवकर मिळाला. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली ती उच्च दाबाच्या लाइनवरूनच. घाटाखालचे केंद्र आणि गिरणगाव यांच्यात अंतर होते, म्हणून दाब लागला. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाले. २००५ मध्ये त्याची विभागणी होऊन वीज तयार करणारी महानिर्मिती, उच्च दाबाने वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. या वाटण्या मुख्यतः दाबाच्या पायऱ्यांवरच आहेत. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात विहिरीवर मोटार बसवणे हे शेतकऱ्याचे स्वप्न झाले, आणि मोटार म्हणजे शेताच्या बांधापर्यंत लाइन.

रस्त्याने जाताना मनोऱ्याकडे पाहून त्या लाइनचा दाब ओळखता येतो. मनोऱ्याच्या हातापासून तार ज्या माळेला टांगलेली असते, तिच्यातल्या चकत्या मोजायच्या. नऊ-दहा असतील तर १३२ केव्ही, तेरा-चौदा असतील तर २२० केव्ही, तेवीस-चोवीस असतील तर ४०० केव्ही. एसटीच्या खिडकीतून हा खेळ मुलांबरोबर जरूर खेळावा. तारांची नावेही मुलांना आवडतील, कारण ती प्राण्यांची आहेत. मध्ये पोलादाची तार आणि भोवती अॅल्युमिनियमचे पीळ असलेल्या या तारांना ब्रिटिश काळापासून जाडीप्रमाणे प्राण्यांची नावे आहेत. गावातल्या बारीक लाइनला स्क्विरल किंवा वीझल, ११ केव्हीला रॅबिट, ३३ केव्हीला डॉग, १३२ ला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. लाइनस्टाफ दिवसभर याच भाषेत बोलतो. "तिकडचं रॅबिट तुटलं, दोन गाळे ओढावे लागतील," असे वाक्य ऐकले तर गोंधळू नये.

दाब आणखी वाढवायचा आणि अंतरही फार असेल तर एसीऐवजी डीसी परवडते. चंद्रपूरच्या कोळशावरची वीज मुंबईजवळ पडघ्याला नेणारी ५०० केव्हीची डीसी लाइन १९९९ पासून चालू आहे. लांबी ७५२ किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट. तिला तीनऐवजी दोनच तारा लागतात. मात्र दोन्ही टोकांना एसीचे डीसी आणि डीसीचे पुन्हा एसी करणारी महागडी केंद्रे बांधावी लागतात. त्यामुळे पुसदला लागणाऱ्या अंतरासाठी एसीच बरी.

आता बांधावरच्या डीपीकडे येऊ, कारण शेतकऱ्याचा संबंध येतो तो डीपीशी. रोहित्र हा शब्द सरकारी पत्रात वाचायला मिळतो. शेतात सगळे डीपीच म्हणतात. दोन खांब, वर एबी स्विच म्हणजे लाइन हाताने तोडायचा स्विच, त्याखाली डीओ म्हणजे जळाला की खाली लोंबणारा फ्यूज, मग राखाडी टाकी आणि तिच्या बाजूंना पंख्यांसारख्या पत्र्याच्या घड्या. खाली दार नसलेली, किंवा दार असून उघडी राहिलेली फ्यूजपेटी. ६३ केव्हीएची डीपी घ्या. वरच्या बाजूला ११ केव्हीवर तिच्यात जेमतेम ३.३ अँपिअर येतात, खालच्या बाजूला ४३३ व्होल्टवर ८४ अँपिअर बाहेर पडतात. आत काहीही फिरत नाही. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्यावर दोन गुंडाळ्या आणि भोवती तेल. दोन्ही गुंडाळ्यांचा एकमेकींना स्पर्शही नसतो. एकीतला बदलता प्रवाह गाभ्यात बदलते चुंबकत्व तयार करतो आणि ते चुंबकत्व दुसरीत वीज जागवते.

ते तेल दोन कामे एकदम करते. गुंडाळ्यांची उष्णता पत्र्याच्या घड्यांपर्यंत आणून वाऱ्याला देते आणि ११ केव्हीला टाकीच्या पत्र्यापासून अडवून धरते. तेलाचा शत्रू पाणी. अगदी थोडी ओल शिरली तरी तेलाची अडवण्याची ताकद झपाट्याने उतरते. आणि ओल शिरायला वाव असतो, कारण डीपी श्वास घेते. दुपारी लोड वाढला की तेल तापून फुगते आणि आतली हवा बाहेर जाते. रात्री थंड झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या श्वासाच्या वाटेवर काचेच्या बरणीसारखा ब्रीदर लावलेला असतो आणि त्यात सिलिका जेलचे खडे असतात. ते हवेतली ओल शोषतात. कोरडे असतात तेव्हा निळे, ओल पिऊन थकले की गुलाबी. शेतात जाता-येता लांबूनच त्या बरणीकडे नजर टाकावी. गुलाबी दिसली तर डीपीचे दिवस कमी होत चाललेत आणि खडे बदलायला सांगायला हवे.

गुंडाळ्यांवर कागदाचे वेष्टन असते. हा साधा कागद डीपीचे आयुष्य ठरवतो. उष्णतेने तो ठिसूळ होत जातो, आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर तापमान दर सहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते असा अभियंत्यांचा अंदाज आहे. मर्यादेपेक्षा बारा अंश जास्त तापणारी डीपी वीस वर्षांऐवजी पाच वर्षांत थकते. जळते ती एखाद्या दिवशी, पण त्याआधी कित्येक रबी हंगाम ती हळूहळू भाजत असते.

रबीचेच उदाहरण घेऊ, कारण हे मला मनापासून सांगायचे आहे. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला पाणी सुरू होते. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या साधारण दहा मोटारी सुखाने चालतात, एकेक मोटार सहा केव्हीएच्या आसपास ओढते. मोटारीला कॅपॅसिटर लावला तर तीच मोटार तेवढेच पाणी काढते आणि डीपीकडून पाचच्या आसपासच मागते. मोटारीला चुंबकत्वासाठी जो जास्तीचा प्रवाह लागतो, तो कॅपॅसिटर जागच्या जागी पुरवतो आणि तारेवरची तेवढी ये-जा वाचते. म्हणजे दहाऐवजी बारा मोटारी. काही शे रुपयांच्या त्या डबीने दोन शेतकऱ्यांचे पाणी सुटते. तरी कितीतरी स्टार्टरांत ती डबी काढून ठेवलेली दिसते.

त्याहून मोठे संकट ऑटो स्विचचे. शेतीला तीन फेज वीज आठ तास मिळते, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रात्री दोनला थंडीत, रानडुकरांच्या आणि सापांच्या भीतीत मोटार चालू करायला कुणी जावे? म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतो. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. त्याच्या जागी मी असतो तर मीही लावला असता. पण लाइन येताच दहाही मोटारी एका क्षणी उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ८४ अँपिअरच्या डीपीवर काही सेकंद ५०० अँपिअरचा भार पडतो. फ्यूज उडतो. वैतागून कुणीतरी त्यात जाड तार भरतो. आता अडवणारे कुणी उरले नाही. पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी गुंडाळी जळते आणि ऐन हरभरा फुलात असताना डीपी उतरवायला ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते. बारीक फ्यूजतार म्हणजे डीपीचा विमा आहे. फ्यूज चार वेळा उडतो तेव्हा लोड जास्त झाला, एवढेच सांगत असतो. ऑटो स्विच सोडवतच नसेल तर निदान डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावून घ्याव्यात. तेवढी उसंत ठेवून मोटार उठवणारे टायमर मिळतात.

दिवसा वीज हे यावरचे खरे औषध. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या प्रायोगिक गावांत राळेगणसिद्धीबरोबर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीचे नाव होते. शेतीच्या फीडरला जवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज, ही त्यामागची कल्पना. वीज जवळच तयार झाली की लांबच्या लाइनवरचा भार आणि तोटा दोन्ही घटतात.

डीपीखालच्या अर्थिंगबद्दल बोलायला हवे, कारण पुसदची जमीन त्यात थेट भाग घेते. अर्थिंग म्हणजे जमिनीत गाडलेली नळी किंवा पट्टी. चुकून सुटलेल्या विजेला माणसाच्या अंगातून न जाता सोपी वाट मिळावी म्हणून ती असते. आपली काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात तीच भेगाळते, नळीभोवतीची माती सुटते आणि वाट अडते. तालुक्याच्या डोंगराळ भागात खाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, तो तर वीज वाहूनच नेत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओततात. डीपीजवळ शेत असलेल्याने हे पाणी आठवणीने घालावे. त्याच काळ्या मातीने खांबही कलतात. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि खांबाला वर्षातून दोनदा हलवते. म्हणून वळणावरच्या खांबाला ताण, म्हणजे जमिनीकडे तिरपी ओढलेली तार, दिलेला असतो. गुरे बांधायला किंवा कपडे वाळत घालायला तो ताण वापरणे किती धोक्याचे आहे, ते वरची चिमणी फुटली की कळते.

गावठाणात अर्थिंगच्या शेजारचा एक वेगळा बिघाड भेटतो. "न्यूट्रल गेला" म्हणतात तो हा. डीपीच्या खालच्या बाजूला तीन फेजांचा एक सामाईक बिंदू असतो, तोच न्यूट्रल, आणि तो जमिनीला बांधलेला असतो. त्याची घरांकडे जाणारी तार तुटली की घराघरांत २३० व्होल्टऐवजी कुठे १५०, तर कुठे ३५० व्होल्ट जाऊ लागतात. एका आळीत बल्ब मिणमिणतात आणि शेजारच्या आळीत टीव्हीतून धूर निघतो. दिवे अचानक फार प्रखर झाले तर बघत बसू नये, मेन स्विच खाली ओढावा.

आता उपकेंद्रात जाऊ. चिमणीच्या तड्यातून वीज जमिनीत उतरू लागली, हे पंधरा-वीस किलोमीटरवरच्या उपकेंद्राला कसे कळते? निरोगी लाइनमध्ये तिन्ही तारांतल्या प्रवाहांची बेरीज दर क्षणी जवळजवळ शून्य येते. गेलेले सगळे परत आलेले असते. कुठेतरी जमिनीत गळती सुरू झाली की हिशेब चुकतो. सीटी नावाची कड्यासारखी रोहित्रे तारांतल्या प्रवाहाची छोटी प्रतिकृती रिलेला देत असतात. रिले तो हिशेब सतत तपासतो आणि चूक मर्यादेबाहेर गेली की ब्रेकरला निरोप देतो. ब्रेकर लाइन तोडतो.

तोडणे म्हणजे दोन संपर्क एकमेकांपासून दूर नेणे. पण वाहता प्रवाह असा सहज तुटत नाही. संपर्क विलग होताना त्यांच्यात हजारो अंशांची ठिणगी पेटते आणि वीज तिच्यातून वाहतच राहते. सुदैवाने एसी प्रवाह सेकंदात शंभर वेळा स्वतःहून शून्यावर येतो. त्या क्षणी ठिणगी विझते, आणि पुन्हा पेटायच्या आत मधली जागा विजेला अडवण्याजोगी करायची असते. ११ आणि ३३ केव्हीचे ब्रेकर हे निर्वात बाटलीत करतात, कारण जिथे हवाच नाही तिथे ठिणगीला जगायला काही नाही. १३२ आणि त्यापुढे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू वापरतात. तो ठिणगी फार सुंदर विझवतो, पण बाहेर सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट हवा तापवतो, म्हणून त्याच्या जागी दुसरे काही शोधण्याचे काम जगभर चालू आहे. रिलेचा निरोप मिळाल्यापासून तीन-पाच आवर्तनांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत सगळे आटोपते. आपल्या ओट्यावर पंखा मंदावतो, तो या कामाच्या नंतर.

रिलेचा निर्णय चुकूही शकतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारतातले ६० कोटींहून अधिक लोक ज्या प्रदेशात राहतात तिथली वीज गेली. सुरुवात झाली मध्य प्रदेशातल्या बिना ते ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवरून. तिच्यावर भार फार झाला होता, बिघाड नव्हता, पण रिलेला तो दूरचा बिघाड वाटला आणि त्याने लाइन तोडली. तिचा भार शेजारच्या लाइनींवर गेला, त्या तुटल्या, आणि मग एकामागून एक. पश्चिमेचे जाळे त्यातून वाचले आणि महाराष्ट्रात दिवे चालू राहिले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर आणि रायचूर यांच्यामधली ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी एकाच ठेक्यात, ५० हर्ट्झवर, धावू लागले. पुसदच्या शिवारात मोटार चालू होते तेव्हा देशभरचे हजारो टनांचे रोटर मिळून अत्यंत किंचित का होईना मंदावतात. तो ठेका सांभाळायला राज्याचे भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे आणि विदर्भासाठी नागपूरच्या अंबाझरीला.

रिलेला न दिसणारा एक बिघाड मात्र आहे, आणि माणसे मरतात ती त्यात. वादळात तार तुटून कोरड्या जमिनीवर पडते. कोरडी माती, दगड किंवा तुरीचे वाळलेले धसकट यांच्यातून इतकी थोडी वीज जमिनीत जाते की उपकेंद्राला ती एखाद्या छोट्या लोडसारखी दिसते. हिशेब मर्यादेत राहतो, लाइन चालूच राहते. पडलेली तार गप्प असते, ठिणगीही नसते, आणि ती ११ हजार व्होल्टवर असते. तिच्याभोवतीच्या जमिनीतही दाब पसरलेला असतो, एका पावलाखाली जास्त, दुसऱ्याखाली कमी. लांब ढांगा टाकणाऱ्या माणसाच्या पायांतून वीज जाते. बैलाचे पुढचे-मागचे पाय तर आणखी दूर असतात, म्हणून जनावर आधी मरते आणि मालक त्याला सोडवायला धावतो. धावू नये. पाय जुळवून, अगदी छोटी पावले टाकत मागे यावे, दुसऱ्यांना अडवावे आणि फोन करावा. लाइन गेलेली आहे असे वाटले तरी तार जिवंतच समजावी, कारण उपकेंद्रातला माणूस कोणत्याही क्षणी ट्रायल घेऊ शकतो.

ट्रायल म्हणजे काय ते त्या जूनमधल्या संध्याकाळवरून सांगतो. फीडर पडल्यावर काही मिनिटांनी ब्रेकर एकदा लावून बघितला. कित्येकदा फांदी तारेला घासून बाजूला झालेली असते आणि लाइन टिकते. त्या दिवशी टिकली नाही. मग दोघे लाइनमन मोटारसायकलवर निघाले. फीडर साधारण मधोमध एबी स्विचने तोडायचा आणि उपकेंद्राकडचा अर्धा चालू करून बघायचा. तो टिकला, म्हणजे दोष पुढच्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. दीडदोनशे खांबांतला एक शोधायला अशा चार खेपा लागल्या आणि शेवटी दहा-बारा खांब उरले. पाऊस थांबला होता. उशीर केला असता तर तडा सुकला असता, लाइन टिकली असती आणि पुढच्या सरीला पुन्हा गेली असती. म्हणून त्यांनी ओल असतानाच, अंधारात, शेवटची ट्रायल मागितली आणि दोघे दोन बांधांवर उभे राहून वर बघत राहिले. क्षणभर एका चिमणीवर निळसर उजेड थरथरला आणि तळणात पाणी पडल्यासारखा आवाज आला. खांब सापडला.

चढण्याआधी परमिट घेतले जाते. उपकेंद्रातला ऑपरेटर फीडर बंद करतो, ब्रेकर बाहेर ओढतो, वहीत लाइनमनचे नाव आणि वेळ लिहितो. लाइनमन ती वेळ आपल्या वहीत उतरवतो. त्यानंतरही तारेला हात लावायचा नाही. आधी लांब काठीच्या टोकाची साखळी तिन्ही तारांवर टाकून त्या जमिनीला जोडायच्या, खांबाच्या दोन्ही बाजूंना. कुणाच्या घरातल्या जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची वीज डीपीतून उलटी चढून ११ हजार व्होल्ट झालेली असू शकते. शेजारून जाणाऱ्या मोठ्या लाइनचा नुसता परिणामही जीव घेऊ शकतो. ही साखळी टाकायला दोन मिनिटे लागतात. ज्यांनी ती दोन मिनिटे वाचवली अशा लाइनमनांच्या कहाण्या या खात्यात प्रत्येकाला माहीत असतात.

एक दादा वर गेले. बांधणीची तार उलगडली, जुनी चिमणी काढून दोरीने खाली सोडली, नवी पिनेवर फिरवून बसवली, तार खाचेत घेऊन पुन्हा बांधली. खाली दुसरे दादा टॉर्च धरून उभे. काम वीस मिनिटांचे. ते खाली उतरले, दोन्ही साखळ्या काढल्या, गुंडाळल्या, मोजल्या. मग फोन लावला. पलीकडून ऑपरेटरने नाव विचारले, परमिटचा नंबर विचारला.

"किती माणसं वर होती?"

"एक."

"खाली किती?"

"दोघंही खाली आहोत भाऊ. साखळ्या काढल्या. लाइन मोकळी आहे, परमिट परत घ्या."

दादांनी वहीत वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस. मग दोघेही खांबापासून वीस पावले मागे सरकले आणि गावाकडे तोंड करून उभे राहिले.